स्कॅन केलेली पुस्तकं वर्षानुवर्षं टिकवायची कशी? चेकसम, हडूप आणि नाशिकची वाचनालयं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, निफाड, येवला इकडच्या वाचनालयांतली मंडळी, ग्रंथपाल, विश्वस्त, घरी जुने अंक सांभाळणारे लोक भेटले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. स्कॅनिंग कसं करायचं, स्कॅनर कुठला घ्यायचा हे इथे नाही. स्कॅन झाल्यानंतर पुढची पन्नास वर्षं त्या फायलींचं काय करायचं, एवढंच इथे आहे.

आम्ही सगळं स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवलंय, मग जतन झालंच ना?

नाही झालं. स्कॅनिंग म्हणजे पहिली पायरी, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तीच शेवटची ठरते, कारण अनुदान स्कॅनिंगला मिळतं आणि पुढच्या देखभालीला कोणी पैसे ठेवत नाही.

एका संग्रहाची डिस्क तपासत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एका जुन्या साप्ताहिकाच्या पानाची फाइल उघडली. वरचं नाव स्वच्छ, तारीख स्वच्छ, पहिल्या कॉलमच्या सात-आठ ओळी व्यवस्थित वाचता येतात, आणि तिथून खाली अख्खं पान राखाडी, एक अक्षर नाही. फाइलचं नाव बरोबर, साइज बरोबर, तारीखही स्कॅन झालं त्याच दिवसाची. कॉम्प्युटरने कधी एरर दाखवली नव्हती, आणि मूळ अंक तोपर्यंत जागा नाही म्हणून रद्दीत गेलेला. म्हणजे तो मजकूर आता कुठेच नाही. हे असं गुपचूप होतं म्हणून जास्त धोक्याचं आहे. कागदाला कसर लागली तर भुगा तरी दिसतो, फाइल खराब झाली तर ती कोणीतरी उघडेपर्यंत कळतच नाही.

मग फाइल बिघडलीय हे न उघडता कसं कळणार?

चेकसमने. प्रत्येक फाइल एका गणिती सूत्रातून काढली की तिचा एक ठरावीक लांबीचा आकडा मिळतो, शा-२५६ नावाची पद्धत वापरली तर तो ६४ अक्षरांचा येतो. फाइलमधला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढा सगळ्यात छोटा कण, जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. स्कॅन झालं त्या दिवशी हा आकडा काढून लिहून ठेवायचा आणि नंतर ठरावीक काळाने परत काढून जुन्याशी ताडून बघायचा. वाचनालयात दाखल नोंदवही हातात घेऊन कपाटासमोर उभं राहून ग्रंथ पडताळणी करतात ना, तसंच हे, फक्त इथे पुस्तक जागेवर आहे का एवढंच नाही तर आतलं प्रत्येक अक्षर जागेवर आहे का तेही कळतं.

या चेकसमची यादी डिस्कवरच ठेवून गप्प बसू नका, एक प्रत ईमेलला, एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर. आणि चेकसम फक्त बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही, दुरुस्तीला चांगली दुसरी प्रत लागतेच.

बिग डेटा वगैरे मोठ्या कंपन्यांचं काम, आमच्या वाचनालयाचा त्याच्याशी काय संबंध?

आधी हिशोब करू. ए-फोर साइजचं एक पान, ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), पूर्ण रंगीत, कॉम्प्रेस न केलेली, म्हणजे दाबून लहान न केलेली, टिफ प्रकारची चित्राची फाइल म्हणजे साधारण २६ एमबी. दोनशे पानांचं पुस्तक झालं ५.२ जीबी. हजार पुस्तकं ५.२ टीबी. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था डोळ्यासमोर आणा म्हणजे जुन्या संग्रहांचा आवाका कळेल, पण ते सोडा, तीन-तीन हजार जुनी पुस्तकं असलेली सात साधी वाचनालयं एकत्र आली तरी आकडा शंभर टीबीच्या वर जातो.

आता हे सगळं तपासायचंय. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते. ५ टीबी वाचायला नऊ-दहा तास, रात्री लावलं की सकाळी तयार, त्याला कुठलीही मोठी टेक्नॉलॉजी लागत नाही आणि कोणी विकायला आलं तर घेऊ नका. पण १०० टीबी एका मशीनने वाचायचं म्हटलं तर साडेसात-पावणेआठ दिवस सलग, मध्ये लाइट गेली की परत. तेच दहा मशीनमध्ये वाटून दिलं आणि प्रत्येकाने आपापला भाग एकाच वेळी तपासला तर अठरा-एकोणीस तासांत संपतं. बिग डेटाची मुख्य युक्ती एवढीच आहे, डेटा कामापाशी ओढून आणायचा नाही, काम डेटा जिथे पडलाय तिथे पाठवायचं.

हडूप म्हणजे नेमकं काय?

२००३ आणि २००४ साली गूगलने दोन शोधनिबंध काढले, एक फाइल सिस्टीमवर आणि एक मॅपरिड्यूस नावाच्या, काम अनेक मशीनवर वाटून निकाल एकत्र करायच्या पद्धतीवर. ते वाचून डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी तसंच सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत वापरता येईल असं बनवलं, आणि कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं नाव होतं हडूप, तेच या सॉफ्टवेअरला दिलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्यामागचा विचार. महागडं कधीच न बिघडणारं मशीन घ्यायचं असं यात नाहीच, मशीन बिघडणारच, डिस्क जाणारच हे धरूनच सगळी रचना केलीय. फाइल आत टाकली की तिचे १२८ एमबीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर जातात. प्रत्येक ५१२ बाइटमागे एक चेकसम साठवला जातो, आणि दर तीन आठवड्यांनी प्रत्येक मशीन आपल्याकडचे सगळे तुकडे स्वतःहून तपासतं, ही त्याची मूळ सेटिंगच आहे. एखादा तुकडा खराब निघाला तर उरलेल्या चांगल्या प्रतीवरून नवीन प्रत बनते आणि खराब काढून टाकली जाते. वर सांगितलेलं राखाडी पान असं पकडलं जातं आणि दुरुस्तही होतं, कोणी न सांगता.

तीन प्रती आपोआप होतात म्हणजे वेगळा बॅकअप नको ना?

पाहिजेच. त्या तीन प्रती एकाच सिस्टीमच्या, एकाच खोलीतल्या आहेत. कोणी चुकून डिलीट केलं तर तिन्ही जातात, कारण सिस्टीमच्या दृष्टीने ती एकच फाइल आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपचाच प्रोग्राम चालू असताना त्यात बदल झाला आणि त्याने ७७ टीबी डेटा उडवला, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइल्स. चोरी नाही, आग नाही, नेहमीचं रात्रीचं काम. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा हल्ला झाला आणि त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग जानेवारीपर्यंत बंद होता. एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत, तर आपण नेटवर्कला जोडलेल्या प्रतींवर सगळी भिस्त ठेवू शकत नाही. एक प्रत तरी अशी हवी जी कुठल्याच कॉम्प्युटरला जोडलेली नाही, कपाटात बंद.

आणि एक प्रत गावाबाहेर. नाशिककरांना हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. गोदेला पूर आला की आपण नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला एवढंच विचारतो आणि पुढचं समजून जातो. २०१६ आणि २०१९ दोन्ही पुरांत सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं. तुमचा कॉम्प्युटर जुन्या गावात तळमजल्यावर असेल आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर ती दुसरी प्रत धरूच नका. एक प्रत नाशिकरोड किंवा सातपूरला, एक पुण्यात किंवा नगरला ओळखीच्या संस्थेत, बदल्यात त्यांची आपण ठेवायची. याला फार खर्च येत नाही, फक्त दोन संस्थांच्या अध्यक्षांनी एकमेकांना फोन करायला लागतो.

हे खरंच कुठल्या लायब्ररीने केलंय का?

हो. युरोपात २०११ ते २०१४ स्केप नावाचा प्रकल्प झाला, युरोपियन युनियनच्या पैशातून, त्यात ब्रिटिश लायब्ररी, ऑस्ट्रियाची राष्ट्रीय लायब्ररी, नेदरलँड्सची राष्ट्रीय लायब्ररी अशा संस्था होत्या, आणि त्यांनी जतनाची कामं हडूपवर कशी चालवायची हेच बघितलं. ऑस्ट्रियाच्या लायब्ररीकडे तर गूगलबरोबर स्कॅन केलेली लाखो पुस्तकं होती, एकेक पान डोळ्यांनी तपासणं शक्यच नव्हतं. त्यातून जेपायलायझर नावाचं छोटं टूल आलं, जेपीईजी-२००० या चित्रांच्या फॉरमॅटची फाइल आतून नियमाप्रमाणे बनलीय का, अर्धवट तुटलीय का ते सांगणारं. ते आजही मोफत मिळतं.

दुसरा रस्ता अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, १९९९ पासूनचा लॉक्स. त्यात एकच मोठं केंद्र नसतं, प्रत्येक लायब्ररी आपल्याकडे प्रत ठेवते आणि सगळ्यांची मशीन्स आपापसात ताडून बघतात, एकाची प्रत वेगळी निघाली तर बहुमताने ठरतं कोणाची बरोबर आणि बिघडलेली दुरुस्त होते. आपल्याकडच्या लहान लहान स्वतंत्र वाचनालयांना मला हा विचार जास्त जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे एका संस्थेच्या ताब्यात सगळं द्यायला कोणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

भारतातलं उदाहरण म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. मूळ वेबसाइट बंद पडली, पण त्यातली लाखो पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर कॉपी करून ठेवलेली होती म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात, त्यात कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आहेत.

लहान लहान फाइल्स हडूपला चालत नाहीत असं ऐकलंय, आमची तर पानागणिक फाइल आहे.

अर्धं खरं. २६ एमबीची फाइल टाकली की १२८ एमबी जागा जाते असं बरेच जण समजतात, तसं होत नाही, जेवढी फाइल तेवढीच जागा. अडचण दुसरीकडे आहे. कुठली फाइल कुठे आहे याची यादी एका मुख्य मशीनच्या मेमरीत असते आणि प्रत्येक फाइलला नि प्रत्येक तुकड्याला साधारण दीडशे बाइट लागतात. शंभर टीबी म्हणजे चाळीस लाख पानं, त्यात पानामागे ओसीआरचा (चित्रातून कॉम्प्युटरने वाचून काढलेला) मजकूर, छोटं चित्र, माहितीची फाइल धरली की दीड कोटीच्या वर फाइल्स झाल्या, आणि ती यादी तेवढी फुगते. शिवाय तपासणी करताना प्रत्येक फाइलला वेगळं काम सुरू होतं आणि सगळा वेळ कामं सुरू-बंद करण्यातच जातो.

उपाय सोपा, एका पुस्तकाचं एक गाठोडं करा. एक दाखल क्रमांक, एक टार फाइल, म्हणजे अनेक फाइल्स बांधून केलेली एकच फाइल. पाच जीबीची एक फाइल, तिचे चाळीसेक तुकडे, हे हडूपला झकास चालतं आणि ग्रंथपालालाही, कारण तो पुस्तकाच्या हिशोबाने विचार करतो, पानाच्या नाही.

तीन प्रतींना तिप्पट डिस्क लागतात, परवडत नाही.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या हडूप ३ मध्ये इरेजर कोडिंग आहे. डेटाचे सहा भाग आणि त्यावरून गणिताने काढलेले तीन जादा भाग असे नऊ ठिकाणी ठेवायचे, कुठलेही तीन गेले तरी उरलेल्या सहांवरून सगळं परत मिळतं, आणि जागा तिप्पटऐवजी दीडपट लागते. पण नऊ मशीन हवीत आणि सांभाळणारा जाणकार माणूस हवा. माझं स्पष्ट मत, जिथे पूर्णवेळ सिस्टीम सांभाळणारा नाही तिथे हडूपशिवाय साध्या डिस्कवर तीन पूर्ण प्रती बऱ्या, कारण काही बिनसलं तर डिस्क काढून कुठल्याही कॉम्प्युटरला लावून फाइल उघडता येते.

त्यापेक्षा क्लाउडवर टाकून मोकळं झालं तर?

एक प्रत क्लाउडवर ठेवायला हरकत नाही, मुंबई-पुण्यातच मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर्स आहेत. पण दोन गोष्टी आधी बघा. स्वस्तातला आर्काइव्ह प्रकार घेतला तर फाइल मागितल्यावर बारा-बारा तासांनी, कधी अठ्ठेचाळीस तासांनी मिळते, आणि बाहेर काढायचे पैसे वेगळे, म्हणजे दर महिन्याला सगळं उतरवून तपासणं विसरा. दुसरं, बिल दर महिन्याला येतं आणि आपलं अनुदान कधी येतं ते तुम्हाला माहितीये. कार्ड कोणाच्या नावावर आहे, तो पदाधिकारी बदलला तर पासवर्ड कोणाकडे, हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या.

टेप? आजच्या काळात?

हो, टेपच. एलटीओ-९ या डेटा साठवायच्या टेपच्या प्रकारात एका टेपवर १८ टीबी मावतात, वापरात नसताना वीज लागत नाही, आणि कपाटातल्या टेपला व्हायरस लागत नाही. टेप स्वस्त, ती वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह मात्र महाग, म्हणून एकट्याने न घेता पाच-सात संस्थांनी मिळून घ्यावा.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची?

मूळ प्रत टिफ किंवा जेपीईजी-२००० मध्ये, वाचकांना द्यायला पीडीएफ. जागा असेल तर मी कॉम्प्रेस न केलेली टिफच म्हणेन, कारण तिच्यात एखादा बिट बिघडला तर एखादा ठिपका बिघडतो, कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये तोच एक बिट अर्धं पान घेऊन जाऊ शकतो.

मराठी मजकुराच्या काही खास अडचणी आहेत का?

भरपूर, आणि परदेशी मॅन्युअलमध्ये यातलं काहीच सापडत नाही म्हणून जरा सविस्तर.

पहिली म्हणजे जुने फॉन्ट. नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं, दिवाळी अंक पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये बनले. त्या फायलींच्या आत मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत. फॉन्ट काढून टाकला की उरतो तो नुसता चिन्हांचा गोंधळ. अशा फायलींचा चेकसम वर्षानुवर्षं बरोबर येत राहील आणि तरी मजकूर वाचता येणार नाही, म्हणजे बिट जपले, पुस्तक गेलं. प्रेसवाल्यांकडे अजून असल्या सीडी पडून असतील तर आत्ताच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करून घ्या आणि मूळ फाइल, फॉन्टचं नाव, छापील पीडीएफ असं सगळं सोबत ठेवा. कुठल्या फायली कुठल्या प्रकारच्या आहेत हे शोधायला ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचं ड्रॉइड नावाचं मोफत टूल आहे, ते फाइलच्या नावावर न जाता आतली खूण बघून प्रकार ओळखतं. हजारो सीडींचा ढीग असेल तर हेच काम अनेक मशीनवर वाटून लावता येतं.

दुसरी, युनिकोडमध्येसुद्धा एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य बघा, कोणी नुक्त्याचा ऱ वापरून लिहितं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. त्यामुळे सर्चमध्ये अर्धी पुस्तकं सापडत नाहीत, आणि फाइलच्या नावात असं झालं तर एका मशीनवर आहे ती फाइल दुसऱ्यावर ‘नाही’ म्हणून दाखवते. म्हणून फाइलचं नाव दाखल क्रमांकाने द्या, आकडे फक्त, आणि पुस्तकाचं मराठी नाव माहितीच्या तक्त्यात लिहा.

तिसरी, मोडी. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण त्या लिपीची कागदपत्रं अजून चित्र म्हणूनच जपावी लागतात, म्हणून त्यांचं स्कॅनिंग नेहमीपेक्षा जास्त रिझोल्यूशनचं करा.

ओसीआर आत्ताच करून घ्यावं का?

घ्या, टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठी चालतं, पण ओसीआरचा मजकूर म्हणजे अंतिम प्रत समजू नका. दर काही वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारतं, तेव्हा त्याच मूळ चित्रांवर परत चालवायचं. लाखो पानांवर परत ओसीआर हेच हडूप किंवा स्पार्कवर (हेही काम अनेक मशीनवर वाटणारं सॉफ्टवेअर) करण्यासारखं काम आहे, प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे वाटून द्यायला एकदम सोपं.

कॉपीराइटचं काय? उगाच भानगड नको.

जपण्यासाठी प्रत करणं आणि ती सगळ्यांना वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये सोय आहे, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. वेबसाइटवर खुली करायची असेल तर मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आपले तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ साली गेले, म्हणजे कुसुमाग्रजांचं साहित्य २०५९ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये आहे. जपा जरूर, परवानगीशिवाय अपलोड करू नका.

पंचवटीतल्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या नामावळीच्या वह्यांना हे लागू होतं का?

लागू होतं आणि तातडीने व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पिढ्यान् पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावं, गावं, सह्या त्या वह्यांत आहेत, बऱ्याच मोडीत, आणि प्रत्येक वही जगात एकच आहे. पुस्तकाची दुसरी प्रत पुण्यात सापडेल, वहीची नाही. पण त्या खासगी आहेत, गुरुजींच्या घराण्याच्या आहेत, आणि त्यात हयात लोकांची माहितीही आहे. त्यामुळे स्कॅन करून एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डसारख्या किल्लीशिवाय उघडणार नाही असं करून ठेवायचं, किल्ली घराण्याकडे, आणि चेकसम एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा काढायचा, म्हणजे तपासणाऱ्याला आतलं काही न दिसता फाइल शाबूत आहे का ते कळतं. किल्ली मात्र घरातल्या दोघांकडे तरी असू द्या, नाहीतर फाइल शाबूत आणि उघडता कोणालाच येत नाही असं व्हायचं.

आमचं ड वर्गाचं वाचनालय, एक ग्रंथपाल, एक कॉम्प्युटर. आम्ही काय करायचं?

बॅगइट शिका, एका दुपारी जमतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी मिळून ही पद्धत काढली. एका फोल्डरमध्ये डेटा नावाचा फोल्डर, त्यात तुमच्या फाइल्स, आणि बाहेर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक फाइलचा चेकसम. बस. टूल मोफत, आणि उद्या ते टूल बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. प्रत्येक पुस्तकाची अशी एक बॅग, दोन वेगवेगळ्या कंपनीच्या डिस्कवर कॉपी, तिसरी दुसऱ्या गावी. महिन्यातल्या एका ठरावीक दिवशी पडताळणी लावायची आणि निकाल वहीत लिहायचा, तारीख, कोणी तपासलं, किती फायली बिघडल्या. पुढे चार-पाच वाचनालयं मिळून मोठी सिस्टीम उभी राहिली की याच बॅगा जशाच्या तशा आत जातात, परत काही करावं लागत नाही.

डिस्क किती वर्षांनी बदलायची?

चालू असली तरी पाच वर्षांनी. जुनी फेकू नका, जादाची प्रत म्हणून ठेवा.

आमची डिस्क तपासून द्याल का?

आनंदाने. पण एकुलती एक प्रत घेऊन रिक्षाने, बसने निघू नका, आधी तिची कॉपी करा आणि कॉपी घेऊन या. सोबत केबल आणा, जुन्या डिस्कच्या केबली मिळत नाहीत, आणि स्कॅनिंगवाल्याने दिलेली पावती किंवा यादी असेल तर तीही आणा, कारण किती पानं होती हे कळल्याशिवाय किती हरवली ते सांगता येत नाही.